आधी गाळ, मग पाणी

रोहिणीचा ताप सरत आला आहे आणि आपल्या सगळ्यांचे डोळे नैर्ऋत्येकडे लागले आहेत. पंचांगात ७ किंवा ८ जूनच्या चौकटीत सूर्य मृग नक्षत्रात गेल्याची नोंद येईल, यंदाचे वाहन कोणते याची चर्चा ओट्यावर आणि लोकलच्या डब्यात सारख्याच उत्साहाने होईल, आणि पहिल्या सरीनंतर मातीचा वास घेण्यासाठी आपल्यातला प्रत्येक जण, वय विसरून, खिडकीशी जाऊन उभा राहील. आपले नवे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते. पाण्याचे वर्ष मात्र मृगाला उजाडते. त्या वर्षाच्या उंबरठ्यावर उभे असताना गेल्या वर्षाचा हिशेब चुकता करावा, मागचे उरलेसुरले झाडून काढावे आणि स्वच्छ तळाने नव्या पाण्याला सामोरे जावे, ही आपली जुनी रीत आहे.

या रीतीला एकेकाळी कुणाच्या आठवणीची गरज लागत नसे. चैत्र-वैशाखात कोकणातली घरे शाकारली जात. कौले एकेक करून उतरवायची, झटकायची, फुटकी बाजूला काढायची आणि पुन्हा ओळीने बसवायची. पोफळीचा सोट उभा चिरून केलेल्या पन्हळी झाडून, जिथे वाकल्या असतील तिथे टेकू देऊन सज्ज केल्या जात. आगोटीचे सामान भरले जाई. देशावर विहिरीचे पाणी खाली गेले की गाळ उपसण्याचा दिवस ठरे. चार-सहा जण दोराने आत उतरत, काळा, थंडगार गाळ घमेल्यांत भरून वर पाठवला जाई. त्यात कधी हरवलेली कळशी सापडे, कधी पोहऱ्याची गंजलेली कडी. संध्याकाळपर्यंत तळाचा खडक दिसू लागे आणि त्याच्या भेगेतून मोकळा झालेला झरा पुन्हा पाझरताना दिसे. तो गाळ परड्यातल्या झाडांना जाई. हे सारे पाऊस येण्याआधी होई, कारण भरण्याआधी रिते आणि स्वच्छ करावे लागते हे कुणी कुणाला शिकवायला जात नव्हते.

आता आपल्यातले कितीतरी जण इमारतींत राहतात. कौलांची जागा सिमेंटच्या गच्चीने घेतली, पन्हळीच्या जागी पीव्हीसीचे पाइप आले आणि विहिरीच्या जागी जमिनीखालची टाकी, शोषखड्डा किंवा बोअर आला. पावसाचे पाणी अडवण्याची जाणीव मात्र मागे पडली नाही, उलट तिला कायद्याचे बळ मिळाले. मुंबईत २००२ पासून एक हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संकलन बंधनकारक झाले आणि २००७ मध्ये ही मर्यादा तीनशे चौरस मीटरपर्यंत खाली आली. तामिळनाडूने २००३ मध्ये राज्यातल्या सर्वच इमारतींना हा नियम लावला. आपल्याकडच्या काही महापालिका अशी व्यवस्था ठेवणाऱ्यांना मिळकतकरात सवलतही देतात. हिशेब सोपा आणि आशादायक आहे. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर सत्तर हजार लिटर पाणी आपसूक येऊन पडते. उडून गेलेले, कोब्यात मुरलेले आणि सुरुवातीला सोडून दिलेले पाणी वजा केले तरी पन्नास हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या पाच खेपा, आपल्या हाती उरतात. मुंबई-कोकणात तर हे माप तिपटीच्या घरात जाते.

पण बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला की ही व्यवस्था आपल्या मनातून उतरते, आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. पाऊस गच्चीवर एकटा येत नाही. आठ महिने जे जे तिथे साचले ते सारे घेऊन तो खाली उतरतो. शेजारच्या बांधकामाची भुकटी, रस्त्यावरची धूळ, पारव्यांची विष्ठा आणि पिसे, गेल्या पावसातले वाळून पापुद्रा झालेले शेवाळ, वॉटरप्रूफिंगचे सुटलेले कपचे, कुंड्यांतून वाहिलेली माती, गुलमोहराच्या पाकळ्या आणि पिंपळाची पाने असा तो ऐवज असतो. दोन वर्षे न उघडलेल्या गाळकुंडीचे लोखंडी झाकण पहारीने उचलून पाहावे. आधी कुबट वास येतो. मग टॉर्चच्या उजेडात वरती तरंगणारी पिसे आणि काडीकचरा दिसतो, त्याखाली वीतभर पाणी, आणि त्याच्याही खाली काठी घातली तर कोपरभर आत जाणारा मऊ, करडा-काळा थर. पाइपच्या तोंडावरची जाळी पानांनी लिंपलेली असते आणि भिंतीच्या सांध्यातून वडाचे एखादे रोप डोके काढून वर आलेले असते. जे पाणी जमिनीत जावे म्हणून एवढा खर्च केला, ते पाणी या थरावरून घसरून थेट पावसाळी गटारात जात असते, आणि आपण मात्र वार्षिक अहवालात ‘पर्जन्यजल संकलन कार्यान्वित’ असे लिहीत असतो.

गाळ कसा बसतो हे समजून घेतले तर तो काढायचा कसा हेही उमगते. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये मांडलेला नियम सांगतो की बारीक कणाचा पाण्यात बुडण्याचा वेग त्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. जाडी दहावा हिस्सा झाली की वेग शंभरावा हिस्सा होतो. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण मीटरभर खोल पाण्यात दोन मिनिटांच्या आत तळ गाठतो. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या, पिठासारख्या कणाला तीन तास लागतात. आणि चिकणमातीचा अतिसूक्ष्म, मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाचा कण पाणी अगदी स्तब्ध असले तरी बारा-तेरा दिवस रेंगाळतो. म्हणजे सगळा गाळ एकाच युक्तीने, एकाच जागी काढता येणार नाही. जाड गाळ थांबवायला थोडी जागा आणि थोडी शांतता पुरते, मधल्याला वेळ द्यावा लागतो आणि उरलेल्याला वाळूतून गाळून घ्यावे लागते. आपल्या आजी-पणज्यांना हे सूत्र ठाऊक नव्हते, पण व्यवहार ठाऊक होता. हंड्याच्या तोंडावर दोनपदरी फडके बांधायचे, पाण्यात तुरटी फिरवायची किंवा निवळीचे बी उगाळून घालायचे, रात्रभर रांजणाला धक्का लागू द्यायचा नाही आणि सकाळी वरचे पाणी अलगद काढून घ्यायचे, या चार कृतींत गाळणे, जमवणे, स्थिरावणे आणि तळ न ढवळणे ही चारही तत्त्वे आली.

इमारतीच्या व्यवस्थेत हीच तत्त्वे पायरीपायरीने उतरतात. पहिली पायरी गच्चीची. पावसाआधी खराट्याने झाडलेली आणि धुतलेली गच्ची निम्मे काम करून टाकते. दुसरी पायरी पहिला पाऊस सोडून देण्याची. मोसमातली पहिली सर, आणि मोठी उघडीप पडल्यानंतरची प्रत्येक पहिली सर, मळ धुऊन आणते. तिचे पहिले एक-दोन मिलिमीटर, म्हणजे शंभर चौरस मीटरमागे शंभर ते दोनशे लिटर पाणी, वेगळ्या नळाने बाहेर जाऊ द्यावे. एवढ्या पावसाचे एवढे पाणी सोडताना जीव हळहळतो, पण मागून येणाऱ्या हजारो लिटरांची शुद्धता त्या सोडण्यावर अवलंबून असते. तिसरी पायरी जाळीची आणि गाळकुंडीची. इथे पाण्याचा वेग मोडतो आणि जाड गाळ तळाशी बसतो. कुंडीचे तोंड एका बाजूला आणि निकास दुसऱ्या बाजूला, तळापासून वर ठेवला तरच हे साधते. चौथी पायरी गाळणीची, तळाशी मोठे दगड, त्यावर खडी आणि सर्वांत वर वाळू. बारीक गाळ वाळूच्या वरच्या दोन-चार बोटांतच अडकतो. म्हणून तेवढाच थर दरवर्षी खरवडून, धुऊन, उन्हात वाळवून परत घालावा लागतो. टाकीतही दोन बारकावे पाळण्याजोगे आहेत. आत येणाऱ्या पाइपचे तोंड तळाशी नेऊन वर वळवले तर येणारे पाणी साका ढवळत नाही, आणि पंपाचा फुटव्हॉल्व्ह तळापासून वीतभर उचलून ठेवला तर साका नळापर्यंत पोहोचत नाही. प्लंबरला हे सांगायला एक मिनिट लागते आणि त्याचा लाभ वर्षानुवर्षे मिळतो.

ही शहाणीव आपल्या मातीत मुरलेली आहे. कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षूंच्या निवासांलगत कातळात खोदलेल्या पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, आजही पाहता येतात. डोंगरउतारावरचे पाणी खडकात कोरलेल्या पाटांनी त्यांच्यापर्यंत आणलेले दिसते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणले गेले, तेव्हा कात्रजला एकावर एक असे दोन तलाव बांधले होते. वरच्या तलावात गाळ बसायचा आणि निवळलेले पाणी खालच्या तलावात उतरून मग शहराच्या वाटेला लागायचे. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले होते, त्यांतून आत उतरून नळ साफ करता येई. बांधताना साफसफाईची वाट राखून ठेवणारी ही दृष्टी होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्ग बांधण्याआधी पाण्याची पाहणी करावी असे बजावले आहे. एका झऱ्यावर विसंबून स्वस्थ बसू नये, साठवणीची टाकी बांधावीत आणि गडाचे पाणी जपून राखावे, अशी त्यांची शिकवण आहे. गडावर बाहेरून टँकर येण्याची सोय नव्हती. टाक्यात जे आहे तेच आपले, ही जाणीव गडकऱ्याला क्षणभरही विसरता येत नसे.

टाकीतल्या गाळाकडे दुर्लक्ष झाले तर घरापुरते नुकसान होते. पाण्याला वास येतो, कुजणारी पाने टाकीतला प्राणवायू खातात, सूक्ष्म जंतू कणांच्या आडोशाला वाढतात आणि त्यांना मारण्यासाठी घातलेले क्लोरीन गाळातच खर्ची पडते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळपणाची इष्ट मर्यादा एक एकक आणि दुसरा स्रोतच नसेल तर पाच एकके ठेवली आहे, ती याचसाठी. जमिनीत पाणी सोडताना झालेल्या दुर्लक्षाची झळ मात्र आपल्या कुंपणाबाहेर जाते. महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या बसाल्टवर वसलेला आहे. या खडकाच्या पोटात पाणी राहते ते त्याच्या भेगांत, सांध्यांत आणि झिजलेल्या थरांत. गाळणी न लावता, किंवा लावून ती तुंबू देऊन, गढूळ पाणी थेट बोअरमध्ये सोडले तर ते बारीक गाळ घेऊन या भेगांत शिरते आणि तिथेच बसते. वरची वाळू बदलता येते; शे-दोनशे फूट खाली बुजलेली भेग पुन्हा उघडणे आपल्या हाताबाहेरचे असते. आणि ती भेग आपल्या एकट्याची नसते. तिच्यावर पलीकडच्या चाळीची विहीर असते, कोपऱ्यावरच्या शाळेचा हातपंप असतो आणि अजून जन्माला न आलेल्या कुणाची तहान असते. म्हणून गच्चीचे गाळलेले पाणीच बोअरला द्यावे. पार्किंगचे, रस्त्याचे, तेलकट पाणी त्या वाटेला जाऊ देऊ नये. व्यवस्था साफ ठेवणे जमणारच नसेल, तर ते पाणी साध्या शोषखड्ड्यात मुरू द्यावे, पण बोअरमध्ये सोडू नये. भूजलाच्या बाबतीत एवढी सचोटी आपण एकमेकांचे देणे लागतो.

कर्तव्याचा आणखी एक पदर आहे आणि तो आपल्या इमारतीत येणाऱ्या कष्टकऱ्यांशी जोडलेला आहे. टाकी साफ करायला आपण बहुधा कुणाला तरी बाहेरून बोलावतो. बंद टाकीत प्राणवायू कमी झालेला असू शकतो आणि कुजलेल्या गाळातून विषारी वायू सुटू शकतात. टाकीत उतरलेले मजूर गुदमरून दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत, आणि अनेकदा पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही गेला आहे. आपल्या पाण्यासाठी कुणाचा जीव धोक्यात जाता कामा नये. आदल्या दिवशी सगळी झाकणे उघडून हवा खेळवावी, पंख्याने आत ताजी हवा सोडावी, आतली हवा तपासून घ्यावी, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसे असावीत. शक्य तिथे पंपाने गाळ बाहेर खेचावा आणि माणसाने उतरूच नये. सोसायटीच्या चिटणीसांनी कामाचे पैसे देताना या अटी लेखी घालाव्यात. कामावर आलेल्याला सुखरूप घरी पाठवणे हीही पाण्याच्या वर्षाची पूर्वतयारीच आहे.

या सगळ्याला नेमके दिवस हवेत, कारण ज्याला तिथी नाही ते काम राहून जाते हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. आपल्या पूर्वजांनी पावसाळ्याला नक्षत्रांचे वेळापत्रक दिलेच आहे. मृगाआधीच्या रविवारी गच्ची धुवावी, पन्हळी आणि पाइप मोकळे करावेत, गाळकुंडी उपसावी, वाळूचा वरचा थर धुऊन घ्यावा. आषाढ सरताना, पावसाचा जोर ओसरून थोडी उघडीप मिळाली की कुंडी पुन्हा पाहावी, कारण पहिल्या दीड महिन्यात सर्वाधिक गाळ येऊन पडलेला असतो. आणि सप्टेंबरच्या अखेरीस हस्त लागला, भोंडल्याचे फेर सुरू झाले, की शेवटची पाहणी करून मोसमाचा हिशेब लिहून ठेवावा, किती गाळ निघाला, कुठे फट दिसली, पुढच्या वर्षी काय बदलायचे. चाचणीही सोपी आहे. टाकीतले पाणी एका स्वच्छ काचेच्या बाटलीत भरून रात्रभर स्थिर ठेवावे आणि सकाळी उजेडासमोर धरावे. तळाशी साका दिसला तर गाळणी थकली आहे असे समजावे, आणि पाणी पिवळसर-धूसरच राहिले तर ती तपासून घ्यावी. पिण्यासाठी वापरायचे तर प्रयोगशाळेची तपासणी आणि निर्जंतुकीकरण यांना पर्याय नाही.

निघालेल्या गाळालाही जागा आहे. आपल्या राज्याने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना हाती घेतली, तेव्हा तलावांतली माती शेतांत परत नेण्याचा जुनाच व्यवहार नव्या नावाने पुढे आला. इमारतीच्या कुंडीतला गाळ तितका निखळ नसतो. त्यात सिमेंटचे कपचे असतील तर ते चाळून टाकावेत आणि भाजीपाल्याऐवजी तो कुंपणाच्या झाडांच्या आळ्यात घालावा. जे पाण्यात नको होते ते मातीत आपली जागा शोधते.

वरवर पाहता हा सारा चार घमेली चिखलाचा विषय आहे. पण जे आपण साठवतो ते राखण्याची जबाबदारीही आपलीच असते, हे तो चिखल दरवर्षी नव्याने सांगतो. बांधणे एकदाचे असते, सांभाळणे मात्र वर्षानुवर्षांचे. संस्था, ग्रंथालये, नाती आणि शहरे बांधणाऱ्यांच्या उत्साहाने उभी राहतात आणि झाडलोट करणाऱ्यांच्या सातत्याने टिकतात. आपल्या पिढीने पाणी अडवण्याचा मंत्र मोठ्या निष्ठेने स्वीकारला आणि त्यासाठी पैसाही खर्च केला. आता त्या मंत्राच्या जोडीला नित्यनेमाची आवश्यकता आहे. गणेशोत्सवाच्या मांडवासाठी जी इमारत एका हाकेला खाली उतरते, ती गाळकुंडीसाठीही उतरू शकते. मुलांना त्या दिवशी सोबत घ्यावे, त्यांच्या हाती खराटा द्यावा, गच्चीवर पडलेला थेंब कुठून कुठे जातो ते पाइपाच्या कडेकडेने चालत दाखवावे. पाण्याची किंमत त्यांना पाठ्यपुस्तकाइतकीच त्या फेरीतून कळेल.

मृग दाराशी आला आहे आणि एखादा रविवार अजून आपल्या हाती आहे. आपल्या सोसायटीच्या फलकावर आजच एक ओळ लिहावी, कामाची वेळ ठरवावी आणि प्रत्येक घरातून एकाने तरी खाली यावे. यंदाचा पाऊस आपल्या गच्चीवर उतरेल तेव्हा त्याची वाट आपण स्वतः मोकळी करून ठेवलेली असावी, हीच सर्व वाचकांना विनंती.